दुसऱ्या पसंतीचा खासदार

आमच्या रस्त्यावरच्या यच्चयावत कुत्र्यांची नावं त्यांना पाठ होती. माणसांची नावं मात्र ते सावकाश शिकत. मिनेसोटात ईडन प्रेरीला चिकटून असलेल्या या उपनगरात आम्ही घर घेतलं, तेव्हा पहिले दोन महिने ते मला "बेलाची आई" म्हणूनच हाक मारायचे. बेला ही आमची कुत्री, सईने म्हणजे माझ्या मुलीने हट्ट करून आणलेली. मला आधी जरा रागच आला होता. पुढे कळलं, की तरुणपणी ते आयर्लंडच्या एका खेड्यात पोस्टमन होते, आणि पोस्टमनची दाराशी पहिली गाठ कुत्र्याशी पडते, घरमालकाशी नंतर.

ते आमच्या समोरच्या घरात राहायचे, मुलीकडे. मुलगी मॉरीन इथल्या हॉस्पिटलात नर्स. बायको गेल्यावर चौदा वर्षांपूर्वी तिने त्यांना इकडे आणलं. पोस्टमनचे ते तिकडच्या कौंटी कौन्सिलवर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या सभेवर, निवडून गेले, तिथे बरीच वर्षं काढली, आणि मग एकदा, फक्त एकदाच, थेट संसदेत. हे एवढं त्यांनी मला नीट ओळख झाली त्या दिवशी सांगितलं, माझा हात हातात धरून. त्यांनी एकदा हात धरला, की तुमचं गाव कुठलं, वडील काय करतात आणि घरासमोरचा दिवा लागतो का, एवढं कळेपर्यंत सुटका नसे.

"अमरावती," मी म्हटलं.

"तिथे तुझा नगरसेवक कोण?"

"काय माहीत बाई! मला गाव सोडून वीस वर्षं झाली."

"आणि इथला?"

तेही मला माहीत नव्हतं. त्यांनी माझा हात सोडला. एखाद्याला स्वतःच्या आईचं नाव सांगता येऊ नये, तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

त्यांना 'खासदारसाहेब' केलं ते आमच्या नानांनी. नाना म्हणजे माझे सासरे, निवृत्त हेडमास्तर. सासूबाई गेल्या त्या वर्षी ते पहिल्यांदाच हिवाळाभर आमच्याकडे राहिले. बर्फात म्हाताऱ्या माणसाने फिरायचं कुठे? आमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये वरच्या मजल्यावर आतल्या आत चालायला एक ट्रॅक आहे. सकाळी सात ते दहा तो सगळ्यांना फुकट. तिथे नाना माकडटोपी घालून चालायचे आणि हे टाय लावून. होय, टाय. ट्रॅकसूट, पायात बूट आणि गळ्यात टाय. नानांनी घरी येऊन मला विचारलं, "सूनबाई, समोरचे गृहस्थ पार्लमेंटात होते म्हणतात, खरं का?" मी हो म्हटल्यावर नाना खुर्चीतून उठून उभे राहिले. "म्हणजे खासदार की! आणि मी त्यांच्या पुढे पुढे चालतोय रोज!" दुसऱ्या दिवसापासून नाना त्यांच्या दोन पावलं मागे चालू लागले, आणि हे थांबून नानांना पुढे व्हायला सांगू लागले. ट्रॅकवर वाहतूक तुंबली, तेव्हा कुठे दोघे शेजारी शेजारी चालायला तयार झाले.

'खासदार' हा शब्द त्यांना फार आवडला. नानांकडून त्यांनी तो एका पुठ्ठ्यावर ठसठशीत देवनागरीत लिहून घेतला आणि गराजमध्ये टांगला. मिनेसोटातल्या एका आयरिश माणसाच्या गराजमध्ये 'खासदार' अशी पाटी का, हे येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायची वेळ मॉरीनवर यायची आणि ती कपाळाला हात लावायची.

गराज हे त्यांचं कार्यालय. दर शनिवारी दहा वाजता ते गराजचं दार कमरेइतकं वर करत. आत छोटा हीटर, पत्ते खेळायचं घडीचं टेबल, दोन खुर्च्या आणि एक बिस्किटांचा डबा. ह्याला ते 'क्लिनिक' म्हणायचे. तिकडे राजकारणी माणसाने आठवड्यातून एकदा कुठेतरी असं बसायचं आणि येईल त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं अशी रीत आहे म्हणे. नाना म्हणाले, "अहो, हा तर जनता दरबार." येणाऱ्याला दाराखालून वाकून आत शिरावं लागे. मी एकदा म्हटलं, दार पूर्ण उघडा ना. तर म्हणाले, "माणूस मदत मागायला येतो तेव्हा रस्त्यावरून कोणाला दिसता कामा नये." इकडे बाहेर उणे पंधरा तापमान, आणि गराजच्या दाराखाली कोणाची ना कोणाची पावलं दिसायचीच.

गाऱ्हाणी तरी कसली? बर्फ काढणाऱ्या गाडीने सगळा ढीग माझ्याच घरापुढे टाकला. टपालपेटी वाकली. कोपऱ्यावरचा दिवा महिनाभर बंद आहे. ते सगळं वहीत उतरवून घेत, सिटी हॉलला पत्र लिहीत आणि मग रोज फोन करत. काम कधी होणार याची तारीख फोनवर कळली, की कोट चढवून त्या घरी जात आणि दारात उभे राहून सांगत, "तुमच्यासाठी आनंदाची बातमी आहे. गुरुवारी दिवा लागणार." गुरुवारी दिवा लागायचा, आणि माणसं त्यांचे आभार मानायची.

"काका, तो दिवा तसाही लागलाच असता," मी एकदा न राहवून म्हटलं. मीही त्यांना इंग्रजीत बोलताना 'काका' म्हणायचे. आमच्या रस्त्यावरच्या देशी मुलांमुळे ते सगळ्यांचेच काका झाले होते.

"लागलाच असता," ते अजिबात न रागावता म्हणाले. "पण येऊन सांगितलं कोणी असतं?"

 

अंत्यविधींचंही तेच. आजूबाजूच्या चार मैलांत कोणीही गेलं, तर हे काळा टाय लावून हजर. आमच्या ओळखीतले एक देशपांडे काका गेले, तेव्हा फ्युनरल होममध्ये सगळ्यात आधी हे पोचले होते. ओळख ना पाळख. रांगेत उभे राहून प्रत्येकाचा हात हातात घेऊन एवढंच म्हणाले, "तुमच्या दुःखाचं वाईट वाटतं." काकूंनी नंतर मला विचारलं, "अगं ते उंच गृहस्थ कोण गं? ह्यांच्या ऑफिसातले का?" मी काय सांगणार? म्हटलं, "आमचे खासदार."

त्यांच्या कारकिर्दीच्या गोष्टी ते कधीच सलग सांगत नसत. आज कौन्सिलमधली एक, उद्या संसदेतली दुसरी, परवा पुन्हा पोस्टाच्या सायकलची. मला एवढं कळलं होतं, की ते प्रत्येक निवडणुकीत अगदी शेवटच्या फेरीत, कसेबसे, दमछाक होऊन निवडून यायचे. "मला पहिल्या पसंतीची मतं कधी पडलीच नाहीत," ते मोठ्या आनंदाने सांगत. "लोक आधी आपल्या चुलतभावाला मत देतात, मग आपल्या पक्षाला. मी सगळ्यांच्या दोन नंबरवर. दारावर दुसऱ्याचा फोटो लावलेला असला, तरी मी बेल वाजवायचो. म्हणायचो, तुमचं पहिलं मत ठरलेलं दिसतंय, उत्तम माणूस आहे तो. दुसरं मला द्याल का?"

तिकडे मतपत्रिकेवर शिक्का मारत नाहीत, नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे लिहितात. सगळ्यात कमी मतं असलेला बाद होतो आणि त्याच्या चिठ्ठ्या त्यांच्यावरच्या पुढच्या नावाकडे जातात. मला हे समजावता समजावता ते दमले. नाना मात्र एका मिनिटात म्हणाले, "म्हणजे आमचा शिक्षक मतदारसंघ!" विधान परिषदेला नानांनी आयुष्यभर असंच पसंतीक्रम लिहून मतदान केलं होतं. त्या दिवशी दोघे म्हातारे गराजमध्ये तीन तास बसले. जेवायला बोलवायला मी गेले, तर नाना भिंतीवरच्या फळ्यावर कोटा, म्हणजे निवडून यायला किती मतं लागतात तो आकडा, काढून दाखवत होते आणि खासदारकाका डोळे मिटून ऐकत होते.

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात आमच्या सिटी कौन्सिलने ठरवलं, की यापुढे गावची निवडणूक पसंतीक्रमानेच घ्यायची. पहिली पसंती, दुसरी, तिसरी. ही बातमी कळली, तेव्हा ते टाय न लावता आमच्या दारात आले. त्यांना बिनाटायचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "ही आमची पद्धत," एवढंच म्हणाले आणि परत गेले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज भरला. मॉरीन मला म्हणाली, "मी चौदा वर्षं हातापाया पडतेय. दुसऱ्या देशावरची निष्ठा सोडण्याची शपथ तोंडातून निघणार नाही म्हणायचे. आणि आता काय, तर मतपत्रिकेसाठी!"

त्याच सुमारास माझं कौन्सिलशी वाजलं. कम्युनिटी सेंटरच्या ट्रॅकची सकाळची वेळ एका खाजगी स्पोर्ट्स अकॅडमीला द्यायचा विचार चालला होता. नाना मला काही बोलले नाहीत. बोलायचेच नाहीत ते. पण सासूबाई गेल्यानंतर दिवसातले तेवढेच तीन तास ते माणसांत असायचे, हे मला दिसत होतं. मी कौन्सिलच्या बैठकीला गेले, तीन मिनिटं बोलले. त्यांनी मला थँक यू म्हटलं आणि पुढचा विषय घेतला. शनिवारी मी गराजच्या दाराखालून वाकून आत शिरले आणि खुर्चीत बसून जवळजवळ रडलेच. करार नव्या वर्षी व्हायचा होता, त्याआधी नोव्हेंबरात निवडणूक होती.

त्यांनी वही उघडली नाही. "ह्याला पत्र लिहून उपयोग नाही," ते म्हणाले. "तू उभी राहा."

"काका, मी फार्मसिस्ट आहे!"

"मी पोस्टमन होतो."

आमच्या वॉर्डात तिघे उमेदवार झालो. एक बरीच वर्षं निवडून येणारे गृहस्थ, ते अकॅडमीच्या बाजूचे. एक तरुण शाळामास्तर. आणि मी. संबंध उन्हाळा ते माझ्याबरोबर दारोदार फिरले. मी आपली लॉनवर दुसऱ्या उमेदवाराची पाटी दिसली, की ते घर गाळून पुढे चालायचे. ते मला परत आणायचे. "हीच तर तुझी घरं," म्हणायचे. मग आधी कुत्र्याची विचारपूस, मग मालकाची, आणि मग माझ्या पाठीत कोपराने एक ढोसणी. मी म्हणायचे, "तुमचं पहिलं मत ठरलेलं दिसतंय. दुसरं मला द्याल का?" पहिल्यांदा हे म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ज्यांच्या दारावर आपण जायचं नसतं, तीच माणसं त्या एका प्रश्नाने खुलतात, हे मी स्वतः पाहिलं.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी त्यांनी गराजमध्ये मतदानाचं प्रात्यक्षिक ठेवलं. नाना पुन्हा आले होते, ते निवडणूक अधिकारी. उमेदवार चार: चकली, चिवडा, शंकरपाळे आणि माझे रव्याचे लाडू. रस्त्यावरच्या गोऱ्या मंडळींनी पदार्थ चाखून, गंभीर चेहऱ्याने पसंतीक्रम लिहिले. पहिल्याच फेरीत माझा लाडू बाद झाला. मला वाईट वाटलं, पण नाना नियमावर बोट ठेवून बसले होते. लाडवाच्या चिठ्ठ्या शंकरपाळ्यांकडे गेल्या आणि पिछाडीवरचे शंकरपाळे चकलीच्या पुढे निघाले. खासदारकाका लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. "बघा, लाडू हरला, पण लाडवाची मतं वाया गेली का?" अंतिम फेरीआधी कोणीतरी चकलीचं ताट साफ केलं, म्हणून निकाल राखून ठेवावा लागला.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचा शपथविधी झाला. मी आणि मॉरीन गेलो होतो. शपथेतलं ते निष्ठा सोडण्याचं वाक्य आलं, तेव्हा त्यांचे ओठ हलताना दिसले, आवाज काही आला नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "आवाजाची सक्ती नाही, मी चौकशी केली होती."

त्याच आठवड्यात मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. मी त्यांना घेऊन गेले. माझी एक मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, तू तर सेफ आहेस यार! सगळे तुझंच बोलतायत. आम्ही त्या बिचाऱ्या मास्तरला फर्स्ट देतो, तुला सेकंड. काय फरक पडतो?" मी हसून म्हटलं, "हो, द्या ना, चालेल." बाजूला पाहिलं, तर 'सेफ', 'फर्स्ट', 'सेकंड' एवढ्या शब्दांवरूनच खासदारकाकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातातली श्रीखंडाची वाटी त्यांनी खाली ठेवली.

 गाडीत बसल्यावर ते जे बोलले, ते मी त्यांच्याकडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

संसदेची पहिली पाच वर्षं संपल्यावर ते पुन्हा उभे राहिले होते. तिकडे एकाच मतदारसंघातून अनेक जण निवडून जातात, म्हणून पक्षाचे दोन उमेदवार होते, हे आणि एक नवखा तरुण. पक्षाच्या लोकांनी सांगितलं, तुम्ही सेफ आहात. तुमच्या गावाला सांगा, पहिली पसंती त्या पोराला द्या, दुसरी तुम्हाला. दोघेही निवडून याल. यांनी ऐकलं. स्वतःच्या गावात घरोघर जाऊन, ज्यांची पत्रं आयुष्यभर वाटली त्यांना सांगून आले, की मला नको, त्याला द्या.

"आमच्या घरात एक रीत होती," ते म्हणाले. "निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी मी घराबाहेर जायचो, स्वतःचंच दार वाजवायचो. माझी बायको नोरा दार उघडायची. मी टोपी हातात घेऊन तिच्याकडे मत मागायचो. ती विचारायची, रस्त्यासाठी काय केलंत? मी काहीतरी सांगायचो. ती म्हणायची, विचार करीन, आणि दार लावून घ्यायची. मग मी मागच्या दाराने जेवायला आत यायचो. दर निवडणुकीला. पोरं हसायची. त्या वर्षीही मी दार वाजवलं. टोपी हातात घेतली आणि त्या पोरासाठी मत मागितलं."

"मग?"

"तिने रस्त्याचं विचारलं नाही. 'तुम्ही म्हणता तर,' एवढंच म्हणाली."

ते नऊ मतांनी मागे पडून बाद झाले. ते आधी बाद झाले, त्यामुळे त्या पोराच्या गठ्ठ्यातली, दोन नंबरवर यांचं नाव लिहिलेली मतं यांच्यापर्यंत आलीच नाहीत. पोरगा निवडून आला, पुढे मंत्रीही झाला. "नऊ माणसं मी बोटांवर मोजू शकतो," ते म्हणाले. "माझा भाऊ, भावजय, पोस्टातले दोघे, शेजारचे तिघे, चर्चमधला घंटा वाजवणारा. आणि ती."

"नोराबाईंनी खरंच तुम्हाला दुसरं मत दिलं?"

"मी कधी विचारलं नाही. तिने माझं ऐकलं असेल तर ते माझ्यावरच्या प्रेमापोटी. नसेल ऐकलं, तर तेही प्रेमापोटीच. कशाला विचारायचं?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. "पण मी तिच्याकडे माझ्यासाठी मागितलं नाही, ही गोष्ट राहतेच ना."

मी घरी येऊन मैत्रिणीला फोन केला आणि सांगितलं, मी सेफ नाही, मला फर्स्ट हवंय. ती म्हणाली, "ओके बाबा, चिडतेस कशाला?"

निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी मी कोट घालून घराबाहेर पडले आणि स्वतःचंच दार वाजवलं. सईने उघडलं. तिचं ते आयुष्यातलं पहिलं मतदान. मी मत मागितलं. तिने अगदी मक्ख चेहऱ्याने विचारलं, "व्हॉट हॅव यू डन फॉर द रोड, आई?" म्हणजे काकांनी तिला आधीच पढवून ठेवलं होतं. "आय विल थिंक अबाउट इट," म्हणून तिने दार लावून घेतलं. आतून नवऱ्याचं आणि नानांचं हसणं ऐकू येत होतं. मग मी रस्ता ओलांडून मॉरीनच्या दारावर गेले. खासदारकाकांनी दार उघडायला खूप वेळ लावला. टाय लावत होते. मी मत मागितलं. माझं घरासमोरच्या दिव्याचं आश्वासन त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विचार करीन."

मतदानाला त्यांना सई घेऊन गेली. आमच्या राज्यात मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येतं, त्यामुळे नागरिकत्वाचा कोरा करकरीत कागद घेऊन ते निघाले. आणि संध्याकाळी, मतदान संपल्यावर, सिटी हॉलमध्ये हजर. सूट, थर्मासमध्ये चहा, चार टोकदार पेन्सिली. तिकडे मोजणी दोन-दोन दिवस चालते, कठड्याला टेकून लोक उलगडणाऱ्या एकेका चिठ्ठीची नोंद ठेवतात. इथे एक क्लार्क बाई होत्या आणि एक पडदा. "मोजणी कुठे चालू आहे?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "मशीन करेल, सर. तुम्ही घरी बसूनही बघू शकता." ते इतके हिरमुसले, की मीच त्यांना एक कप चहा ओतून दिला.

पहिल्या फेरीत मी मागे होते. जुने गृहस्थ पुढे, मी दुसरी, मास्तर तिसरा.  खासदारकाकांनी पेन्सिल काढली. दुसऱ्या फेरीत, मतदारांनी कोऱ्या ओळीवर स्वतः लिहिलेली किरकोळ नावं बाद झाली. त्यांतली काही मतं इकडे आली, काही तिकडे गेली. मग मास्तर बाद झाला आणि त्याच्या चिठ्ठ्या उघडल्या. ज्या लॉनवर त्याच्या पाट्या होत्या, त्या घरांची दुसरी मतं एकामागून एक माझ्याकडे आली. मी तिसाहून थोड्या अधिक मतांनी निवडून आले. नाना सिटी हॉलमध्ये मोठ्याने "भले शाब्बास!" म्हणाले. खासदारकाकांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

"दुसऱ्या पसंतीची," ते म्हणाले. "माझ्यासारखी."

"पण तुमची तर पहिलीच होते ना?" मी लाडात येऊन विचारलं.

त्यांनी टायची गाठ सरळ केली. "मत गुप्त असतं."

मला ते थोडं लागलं, खोटं कशाला सांगू? त्यानंतरही मी त्यांना दोन-तीनदा विचारून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर. जानेवारीत अकॅडमीचा करार एका मताने फेटाळला गेला, आणि ते मत माझं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकवर नाना आणि ते शेजारी शेजारी चालत होते, एक माकडटोपीत, एक टायमध्ये. मी जिन्यापाशी बघत उभी राहिले आणि माझे डोळे भरून आले.

मार्चमध्ये ते गेले. झोपेतच. मॉरीनने पहाटे फोन केला. चर्च इतकं भरलं होतं, की लोक बर्फात बाहेर उभे होते. ज्यांच्या घरासमोर दिवे लागले होते, ती सगळी माणसं, आणि बरीचशी आपल्या कुत्र्यांना घेऊन. देशपांडे काकू आल्या होत्या. नाना तेव्हा अमरावतीला परतले होते, ते व्हिडिओ कॉलवर टोपी काढून बसले. मी रांगेत उभी राहिले, मॉरीनचा हात हातात घेतला आणि त्यांचंच वाक्य म्हटलं, "तुमच्या दुःखाचं वाईट वाटतं." मला वाटायचं, हे किती कोरडं वाक्य आहे. त्या दिवशी त्याहून दुसरं काही बोलता आलं नसतं.

परत येताना सई गाडी चालवत होती.  मध्येच म्हणाली, "आई, आय वॉज नॉट सपोज्ड टू टेल यू. पण आता... आय थिंक आय कॅन."

मतदानाच्या दिवशी काका चष्मा घरी विसरले होते. बारीक अक्षर दिसेना, म्हणून त्यांनी सईला मदतीला बोलावलं. पहिल्या पसंतीच्या रकान्यात त्यांनी छापलेल्या तिन्ही नावांना हात लावला नाही. खालच्या कोऱ्या ओळीवर, सावकाश, एक नाव लिहिलं. नोरा, आणि पुढे आपलं आडनाव. दुसऱ्या पसंतीला माझं नाव भरलं. तिसरा रकाना रिकामाच ठेवला.

"मी म्हटलं, काका, पण त्या तर... शी इज नो मोअर, राइट? युवर व्होट विल बी वेस्टेड," सई सांगत होती. "तर ते हसले. म्हणाले, वाया नाही जाणार. ती दुसऱ्या फेरीत बाद होईल, मग मत तुझ्या आईकडे जाईल. पूर्ण एक मत. आधी मात्र तिचं."

मी घरी आल्यावर कोटही काढला नाही. आमच्या फ्रिजवर मी निकालाचा कागद चिकटवून ठेवला आहे, तो काढून टेबलावर पसरला. दुसऱ्या फेरीतली ती ओळ मी शंभरदा बघितली असेन, पण कधी वाचली नव्हती. मतदारांनी लिहिलेली नावं: सात. त्यांतली मास्तरकडे गेली दोन, जुन्या गृहस्थांकडे एक, माझ्याकडे चार.

त्या चारांतलं एक मत मला नोराबाईंनी दिलेलं आहे.